शास्त्रीबुवांची कोरियन संथा

गोविंदशास्त्री मला म्हणाले तो पहिला शब्द ‘या’ नव्हता आणि ‘बसा’ही नव्हता. तो होता ‘परत’. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून थेट वाराणसीला केली होती. दूधविनायकाच्या गल्लीत एका मराठी घरी खोली मिळते असं कळलं आणि मी बॅग घेऊन तिथं पोचले. दाराच्या चौकटीवर संस्कृतात एक ओळ कोरलेली होती. दार उघडेपर्यंत करायचं काय, म्हणून मी ती पुटपुटले. आतून आवाज आला, “परत.” मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त एक गाय होती. “अहो, तुम्हालाच म्हणतोय. दीर्घ आहे तो. परत म्हणा.” मी परत म्हटलं. मग कडी निघाली.

ऐंशीला टेकलेला उंच, काटकुळा माणूस. अंगावर धोतर, खांद्यावर उपरणं. बाकी सगळं वाळलेलं होतं, पण आवाज असा की जिन्यात बोलले तर छतावर ऐकू जावं. भाडं, पाणी, जिन्याचं दार बंद व्हायची वेळ हे सगळं सुनेनं, सुलभानं, सांगितलं. शास्त्रीबुवांनी विचारलं ते एवढंच, “सकाळी काही म्हणता का? स्तोत्रबित्र?” मी भाबडेपणानं हो म्हणाले. त्यानंतर माझं स्वयंपाकघरातलं सकाळचं स्तोत्र कधी सलग पूर्ण झालं नाही. ओळीला ठेच लागली की खालच्या चौकातून ‘परत’ येई. कुकरची शिट्टी होत असली तरी येई.

त्यांच्या घरात वेद शिकवायची पद्धत पिढ्यान् पिढ्या एकच. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं ऐकून दोनदा म्हणायचं. याला संथा म्हणतात. पुस्तक उघडायचं नाही, लिहून घ्यायचं नाही. चूक झाली की गुरू मांडीवर थाप मारतो, आणि शिष्य मुकाट्यानं मागं जाऊन पहिल्यापासून सुरू करतो. शास्त्रीबुवा असेच शिकले आणि जन्मभर असंच शिकवत आले. त्यामुळं चुकीचा उच्चार कानावर पडला की त्यांचा हात आपोआप मांडीवर पडे. एका लग्नात त्यांनी सप्तपदी चालू असताना भटजींना थांबवलं होतं. नवरानवरी पाऊल उचलून ताटकळत उभी, आणि हे शांतपणे भटजींना स्वर समजावतायत. वरबाप हात जोडून म्हणाला, “पंडितजी, लड़का गिर जाएगा.” शास्त्रीबुवा म्हणाले, “गिरने दीजिए. मंत्र नहीं गिरना चाहिए.” ही गोष्ट मला स्वतः त्यांनीच सांगितली, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नाही.

अशा माणसाच्या पोटी माधव जन्मला. तोही लहानपणी याच मांडीसमोर बसला होता. पण पंधराव्या वर्षी कुणाच्या तरी नादानं तायक्वांदो शिकायला गेला आणि तिथलाच झाला. आता तो पंचेचाळिशीचा होता आणि घराच्याच छतावर गल्लीतल्या पोरापोरींचे सकाळ-संध्याकाळ वर्ग घ्यायचा. सगळे त्याला मास्टरजी म्हणत. तायक्वांदो कोरियातला, म्हणून त्यातली गिनतीही कोरियन. एकेक आकडा ओरडायचा आणि एकेक लाथ हवेत मारायची. हाना! दुल! सेट! नेट! दासो! यासो! इलगू! योडो! आहो! यो! पहिले काही दिवस मी दचकून उठत असे. मग त्यावर चहा ठेवायला लागले.

शास्त्रीबुवा त्याला ‘लाथाळी’ म्हणत. “चार पिढ्या आम्ही तोंडानं कमावलं. हा पायानं कमावतो,” हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. एकदा माझ्यासमोरच माधवला म्हणाले, “गिनतीच करायची तर संस्कृतात कर ना भई. ही कुठली भाषा घरात?”

माधव बूट घालत म्हणाला, “अण्णा, तुम्ही आधी तुमचे मंत्र हिंदीत म्हणून दाखवा. मग मी गिनती बदलतो.”

शास्त्रीबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुलगा निघून गेल्यावर मला म्हणाले, “बुद्धी आहे हो गाढवाला.” एवढं कौतुक त्यांनी त्याच्या तोंडावर कधी केलं असेल असं मला वाटत नाही.

मग एका सकाळी छतावरची गिनती मध्येच थांबली. मी चहा गाळत होते. पुढचा आकडा आला नाही. त्याऐवजी मुलांचा आरडाओरडा आला. माधव छतावर आडवा पडला होता. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यातून तो जिवंत परत आला, उजवा हात पाय ओढत का होईना चालायला लागला, पण त्याची वाचा गेली. समोरचं सगळं त्याला कळायचं. तोंड उघडलं की मात्र काही येत नसे. सुलभानं आरसा दाखवून, फोटो दाखवून, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीचं नाव कानात सांगून पाहिलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राही आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाही.

शास्त्रीबुवांनी आपल्या परीनं सुरुवात केली. संध्येतले मंत्र माधवनं आठव्या वर्षी पाठ केलेले. ते म्हणाले, हाडात मुरलेलं आहे, जाईल कुठं? रोज सकाळी त्याच्यासमोर बसून एकदा म्हणत आणि थांबत. माधवचे ओठ हलत नसत. शास्त्रीबुवा परत म्हणत. मग आवाज चढायचा, मग फाटायचा. एक दिवस ते वर माझ्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि सरळ म्हणाले, “बाई, मला एकच मुलगा. मी गेल्यावर माझं नाव घेऊन पाणी कोण सोडील?” दुसऱ्या कुणाकडून ते विधी करवून घेता येतात हे मला माहीत होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पहिला आवाज आला तो तिसऱ्याच बाजूनं. माधवची सगळ्यात जुनी शिष्या रिंकी, बारावीतली मुलगी, त्याला भेटायला आली होती. निघताना तिनं सवयीनं वाकून सलाम केला, आणि माधवच्या तोंडून निघालं, “हाना.” मग दुल. मग सेट. तो थांबेना. ‘यो’पर्यंत गेला आणि परत ‘हाना’पासून सुरू झाला. रिंकी तिथंच खाली बसून रडायला लागली. सुलभा स्वयंपाकघरातून धावत आली. हातातलं पीठ तसंच.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असं होतं. ज्याची तोंडाला हजारदा सवय झालेली असते ते कधी कधी उरतं. “जो बचा है, उसी को पकड़कर चलिए,” त्या म्हणाल्या. आधी त्याच्याबरोबर गिनती करा, मग मध्ये थांबा, पुढचा आकडा त्याला टाकू द्या. तो जमला की हळूहळू शब्द घालू. घरात आशा आली. माधवला पाणी हवं असलं तरी तो गिनती करायचा, पाय दुखला तरी गिनतीच. सुलभाला त्याच्या वेगावरून समजायला लागलं. गिनती घाईची असली की बाथरूम, रेंगाळली की भूक. ती मला म्हणाली, “ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं लक्ष देऊन मी यांचं कधी ऐकलं नव्हतं.”

आणि शास्त्रीबुवा? मुलाच्या तोंडात कोरियन उरलं आहे, तर बापाला कोरियन यायला हवं, एवढं त्यांना पुरेसं होतं. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी छतावरच्या सगळ्या मुलांना चौकात ओळीनं बसवलं आणि प्रत्येकाकडून गिनती म्हणवून घेतली. एक म्हणाला यासो, दुसरा योसो, तिसरी यसोत. शास्त्रीबुवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “अरे, मग खरा पाठ कोणता?” मुलं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना कधी कुणी हे विचारलंच नव्हतं.

“बाई, तुम्हाला इंग्रजी येतं ना? चला,” ते मला म्हणाले. रविवार होता. बनारसमध्ये कोरियाचे प्रवासी काही दुर्मीळ नाहीत. शिंदे घाटावर एक तरुण मुलगी पायरीवर बसून चित्र काढत होती. शास्त्रीबुवांनी मला विचारायला लावलं, कोरियाची का? ती हो म्हणाली. मग हे तिच्या खालच्या पायरीवर बसले. शिकवणारा वर, शिकणारा खाली. ती गोंधळून उठायला लागली, तर त्यांनी हातानं ‘बसा बसा’ केलं. “तिला सांगा, एकदा म्हण, मी दोनदा म्हणतो. चुकलो तर थांबव. लाजू नको.”

तिनं एक म्हटलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा म्हटलं. सुरुवातीला ती हसत होती, हे म्हातारबाबा गंमत करतायत असं वाटून. मग मी तिला कारण सांगितलं आणि तिचं हसू थांबलं. तिनं वही बंद केली आणि सरळ बसली. तीन आणि चार म्हणताना शेवटचा ‘त’ जिभेनं धरायचा पण सोडायचा नाही, हे तिनं तोंड उघडून दाखवलं. शास्त्रीबुवा एकदम खूश झाले. “आहे! आपल्या वेदातही आहे असा न सोडलेला वर्ण. तिला सांगा ना.” मी कसंबसं सांगितलं. सहा मात्र काही केल्या जमेना. ती मान हलवायची, हे पहिल्यापासून म्हणायचे. ऊन चढलं, नावाडी येऊन उभे राहिले, एकानं विचारलं, “शास्त्रीजी, कौन सा मंत्र है?” ते म्हणाले, “बेटे का है.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आपणहून घाटावर आली आणि गिनती पक्की करून गेली. जाताना मला म्हणाली, आता हे माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. शास्त्रीबुवांनी तिला नारळ आणि खण दिला आणि भर घाटावर तिला नमस्कार केला. परत येताना ते जवळजवळ पळत होते. मला वाटलं, आता होणार. खरंच वाटलं होतं.

ज्यानं जन्मभर शुद्ध पाठाशिवाय काही मुखात येऊ दिलं नाही, त्याच्या हातात शुद्ध पाठ आला होता. पुढं काय झालं ते सांगायला मला अजून जड जातं. त्या संध्याकाळी ते माधवसमोर बसले. माधवनं नेहमीसारखं सुरू केलं, “हाना...” आणि शास्त्रीबुवांचा हात मांडीवर पडला. “परत. हना. आखूड आहे तो.” माधवनं परत सुरू केलं. “दुल...” थाप. “तुल. परत.” माधवच्या कपाळावर घाम आला. मी दारात उभी होते. मला वाटलं, हे बरोबर नाही. पण वाटलं ते बोलले नाही, कारण त्यात रागावणं नव्हतं. इतक्या मायेनं मी त्यांना कुणालाच शिकवताना पाहिलं नव्हतं.

असं रोज चाललं. माधव आधी शेवटपर्यंत जायचा, तो अर्ध्यावर अडायला लागला. तोंड उघडण्याआधी तो वडिलांच्या हाताकडं बघे. एका सकाळी तो कसाबसा सहापर्यंत पोचला. ‘यासो’ म्हणाला. थाप पडली, “परत.” माधवनं हातावरून नजर काढून वडिलांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तोंड मिटलं. त्यानंतर ते उघडलं नाही. पाण्यासाठी नाही, दुखण्यासाठी नाही. त्यानं गिनतीसुद्धा सोडली.

सुलभा सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “अण्णा, देवानं ह्यांचं सगळं नेलं, एवढं एक ठेवलं होतं. तेपण तुम्ही काढून घेतलंत. अशुद्ध होतं ना? अशुद्ध होतं, पण माझ्याशी बोलत होते हो ते.” मग तिनं पदर तोंडात धरला आणि आत गेली. शास्त्रीबुवा जागेवरून हलले नाहीत. आपला उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि घरात कुणीच कुणाला जेवा म्हटलं नाही.

छतावरचे वर्ग आता रिंकी चालवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा एकेक पायरी चढत वर गेले. मी कपडे वाळत घालत होते. ते मुलांच्या शेवटच्या ओळीत, एका सात-आठ वर्षांच्या मुलीशेजारी उभे राहिले. रिंकी घाबरली. “दादाजी, आवाज ज़्यादा हो रहा है क्या?”

“नहीं बेटी. मास्टरजी जैसा बोलते थे, वैसा सिखाओ. ग़लत वाला.”

मुलं खिदळली. रिंकी हसली नाही. तिनं सुरू केलं. आणि मी पाहिलं, ज्या जिभेला जन्मभर चुकायची परवानगी नव्हती तिला चुकता येईना. सगळे ओरडत ‘यासो’, आणि त्यात शास्त्रीबुवांचं स्वच्छ, कोरलेलं ‘योसत’ वेगळं ऐकू येई. ते स्वतःवरच चिडत. “हे काय मेलं तोंड माझं!” रिंकी हळूच म्हणे, “दादाजी, गले से नहीं, पेट से. सोचिए मत, चिल्लाइए. फिर से.” ते मान खाली घालून परत पहिल्यापासून म्हणत. ज्या दिवशी ‘यासो’ चुकीचं आलं, त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. शास्त्रीबुवांनी रिंकीला वाकून सलाम केला आणि तडक खाली माधवकडं गेले.

त्यानंतर त्यांनी आपली जागा बदलली. माधव खिडकीजवळ खुर्चीत, आणि ते खाली जमिनीवर, त्याच्या पायाशी. दोन्ही हात मागं, पाठीशी धरलेले, म्हणजे चुकूनही मांडीवर पडायला नकोत. आणि छातीतून, पोटातून ओरडून, “हाना! दुल! सेट! नेट! दासो! यासो!” एवढं म्हणून थांबत. सातवा माधवचा. “जिथं मी त्याला अडवलं तिथूनच तो निघेल,” असं ते म्हणत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रयत्न करायला हरकत नाही. त्यांच्या बोलण्यात फारशी आशा नव्हती आणि ते आम्हाला सगळ्यांना कळलं, शास्त्रीबुवांनाही कळलं. ते सकाळी बसत, दुपारी बसत, दिवेलागणीला बसत. मंत्राची, पाण्याची भाषा त्यांनी केव्हाच सोडली होती. मला एकदा म्हणाले, “बाई, त्यानं मला शिवी दिली तरी चालेल. कसलीही. अशुद्ध दिली तरी चालेल.” आणि ढसाढसा रडले. त्यांना कुणी रडताना पाहिलं असेल तर ती मीच असेन.

खिडकी गल्लीवर उघडते. त्यामुळं अख्ख्या गल्लीला ती गिनती पाठ झाली. एक दिवस खालून जाणारा भाजीवाला, बिचारा, वरून ‘यासो’ ऐकून सहज ओरडला, “इलगू!” शास्त्रीबुवा खिडकीत आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी खिडकीबाहेर दोन्ही हात काढून जोडले. “भइया, हाथ जोड़ता हूँ. उसके मुँह का मत छीनो.” भाजीवाल्यानं कान पकडले. त्यानंतर त्या गल्लीत तो आकडा कुणी उच्चारला नाही. छतावरचे वर्गसुद्धा रिंकीनं घाटावर नेले.

माझी बदली परत महाराष्ट्रात झाली. निघताना मी निरोप घ्यायला गेले तेव्हा सुलभानं माझी ओटी भरली. शास्त्रीबुवा बसायच्या तयारीत होते. खूप खंगले होते. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, “सुखरूप जा. स्तोत्र सोडू नका. चुकलं तर चुकू दे.” माधवनं डावा हात थोडा उचलला. त्याच्या डोळ्यांत ओळख होती. मला तिथं थांबवेना.

मी बॅग घेऊन गल्लीत उतरले तोवर वर सुरू झालं होतं. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, घासत होता. हाना. दुल. सेट. नेट. दासो. समोर दूधवाला माप धुवत होता, त्याचा हात थांबला. शिंप्यानं मशीनवरचा पाय उचलला. दोन पोरं भांडत होती, त्यांनी एकमेकांची कॉलर धरलेलीच ठेवली.

“यासो!”

सगळी गल्ली वर बघत उभी राहिली. सगळ्यांच्या ओठांवर तो आकडा होता, माझ्याही होता. मी हातानं तोंड दाबून धरलं. खिडकीत माधवचं डोकं दिसत होतं, हनुवटी किंचित वर झालेली. देवा, एकदा, असं मी मनात म्हटलं असेन.

मग वरून आवाज आला. तो शास्त्रीबुवांचाच होता.

“हाना!”